तंजावरात घेतलेलं नाव

कोल्हापूर सोडताना मी एक गोष्ट मागं टाकून निघाले होते आणि तिची मला तीळभरही खंत नव्हती. ती गोष्ट म्हणजे माझं मत.

१९६२ चा फेब्रुवारी होता, तिसरी सार्वत्रिक निवडणूक. ज्या मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवते तिथंच मतदानाचं केंद्र होतं, म्हणून शाळेला सुट्टी. अठरा वर्षं मी नकाशावर छडी खाली खाली नेत पार समुद्राजवळ टेकवत आले आहे आणि सांगत आले आहे, "हे तंजावर. इथंही मराठ्यांचं राज्य होतं." दर वर्षी पहिल्या बाकावरची एखादी आगाऊ मुलगी विचारते, "बाई, तुम्ही पाहिलंय?" यंदा म्हटलं, बस झालं. सुट्टीला रजा जोडली आणि तिकीट काढलं.

हेडबाईंना सांगायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो शकुंतलाबाई, आणि मत?"

"सगळं गाव देणार आहे की. माझ्या एकटीच्या मतावाचून कुणाचं अडलंय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. आणि तंजावरच्या एका गृहस्थांच्या नावानं पत्र दिलं. सेतुमाधवराव त्यांचं नाव. दस्तनोंदणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले, घरचे मराठी. हेडबाईंची आणि त्यांची काशीयात्रेत ओळख झाली होती. पत्र पर्समध्ये टाकलं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली आणि मी निघाले.

मिरजेला गाडी बदलली, गुंटकलला बदलली, मद्रासला स्टेशनच बदललं. चटणी गुंटकललाच संपली, कारण समोरच्या बाकावरच्या एका कुटुंबाला ती फार आवडली आणि मला नको म्हणता येईना. मद्रासहून पुढची गाडी लहान रुळांची, दमानं चालणारी. सकाळी जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना पिकलेला भात होता, मधे पाण्याचे पाट आणि पाटांच्या कडेनं नारळ. काही शेतांत कापणी चालली होती. आमच्या पन्हाळ्याच्या बाजूला खाचरं असतात, पण ती डोंगराला धरून. इथं डोंगर नावालाही नाही. नजर जाईल तिथवर भात बघून मला उगाचच भूक लागली.

पापनाशम स्टेशनात गाडी थांबली तेव्हा बाहेर बैलगाडीवर भोंगा लावून प्रचार चालला होता. कुणीतरी खिडकीतून पत्रकांचा गठ्ठाच आत फेकला. मला एक अक्षर वाचता येईना. अठरा वर्षं मुलींच्या वह्यांत लाल पेन चालवणारी बाई मी, आणि हातातला कागद उलटा धरलाय हे मला शेजारणीनं सांगितलं. तिनं तो हसत माझ्याकडून घेतला, त्यात मोगऱ्याचा गजरा गुंडाळला आणि पदराला बांधून टाकला. निवडणुकीच्या पत्रकाचा इतका चांगला उपयोग मी त्याआधी पाहिला नव्हता.

तंजावरला उतरून झटका (घोड्याची छोटी गाडी) केला. "राजवाडा" म्हटलं तर गाडीवाला नुसता बघत राहिला. "पॅलेस" म्हटल्यावर म्हणाला, "अरण्मनै (राजवाडा)?" मी मान हलवली. रस्त्यानं जाताना मोठ्या देवळाचं शिखर घरांच्या वर डोकावत होतं आणि खाली भिंतीभिंतींवर निवडणुकीची चित्रं रंगवलेली होती. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एका घरापुढं गाडी थांबली. तिण्णैवर (घराबाहेरचा ओटा) एक सडपातळ म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी पत्र पुढं केलं. त्यांनी ते वाचायच्या आधीच तोंड उघडलं.

"यावें, बसावें. प्रवास सुखें जाहला कीं?"

मी तिथंच उभी राहिले. शब्द माझे, पण आमच्याकडं ते आता जुन्या कागदांत सापडतात. आणि चाल भलतीच, वाक्य शेवटाला वर चढायचं आणि तिथंच लोंबकळत राहायचं. मला हसू आवरेना. आतून एक ठेंगण्या, गोऱ्या बाई नऊवारीत आल्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. ह्या यमुनाबाई, सेतुमाधवरावांच्या पत्नी. मी भडाभडा बोलायला लागले, गाडी, गुंटकल, चटणी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ह्या बोलतात ती मराठीच. पण फार घाईची."

म्हणजे हसायचा हक्क माझा एकटीचा नव्हता.

कॉफी आली, दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून फेसाळलेली. जेवायला काय करूं, असं यमुनाबाईंनी विचारलं. मी भिडेखातर म्हटलं, काही खटाटोप नको, साधं पिठलं करा. पानात आलं ते कारल्याचं, तुरीच्या डाळीचं, चिंच आणि भाजलेल्या खोबऱ्याचं, दाट असं काहीतरी. चव अप्रतिम, पण हे पिठलं कसं?

"काकू, हे काय?"

"पिट्लै. तुम्हीच मागितलेंत कीं."

"यात पीठ कुठंय?"

"नांवांत आहे," यमुनाबाई गंभीरपणे म्हणाल्या. "तीनशें वर्षांत तेवढेंच उरलें."

मी दोनदा वाढून घेतलं.

दुपारी ओट्यावर पान खात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मतदान होतं. गल्लीत खांद्यावर रंगीत पट्टे टाकलेले चारपाच लोक शिरले आणि दारोदार एकच प्रश्न विचारत पुढं आले. आमच्यापाशी येऊन त्यांच्यातल्या पुढाऱ्यानं हात जोडले आणि विचारलं, "ओट्टु एत्तनै (मतं किती)?"

सेतुमाधवरावांनी पानाचा विडा गालात सरकवला आणि बोट वर केलं. "ओण्णु (एक)," असं म्हणायला त्यांचं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"रेंडु."

रेंडु म्हणजे दोन. सेतुमाधवरावांचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी दुसरं बोट सावकाश उघडलं. ते लोक हसले, यादीवर खूण केली, यमुनाबाईंच्या हातात क्रमांकाची चिठ्ठी दिली आणि पुढच्या घरी गेले. चिठ्ठी यमुनाबाईंनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. त्यांना तमिळ जेमतेम वाचता यायचं, मराठी तर मुळीच नाही. पण स्वतःचं नाव त्यांनी ओळखलं. मग ती कमरेला खोचून त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि त्या एका शब्दामागची सगळी हकिगत मला कळली.

तंजावर मतदारसंघाचा इतिहास मला नंतर पुष्कळांनी ऐकवला. जमीनदार कुणाच्या बाजूला, कुळं कुणाच्या, जुना पक्ष कुठं ढिला पडला, नव्या पक्षाच्या सभेला माणसं झाडांवर कशी चढून बसली. ते सगळं वर्तमानपत्रात सापडेल. यमुनाबाईंनी सांगितलेला इतिहास मात्र कुठं छापलेला नाही, म्हणून मी इथं लिहिते.

पहिल्या निवडणुकीच्या आधी यादी करायला कारकून घरोघर फिरला. ओट्यापाशी उभा राहून त्यानं विचारलं, "पेर एन्न (नाव काय)?" घरात पुरुष नव्हते. परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायची रीत नव्हती. यमुनाबाई आडून म्हणाल्या, रायरांची बायको. तिकडं मराठी माणसाला रायर म्हणतात. कारकुनानं तसंच लिहून घेतलं, रायरांची बायको. त्या गल्लीत पंधरावीस रायर आणि पंधरावीस त्यांच्या बायका. वरून हुकूम आला की अशी बिननावाची माणसं यादीत चालणार नाहीत, आणि सगळ्याजणी यादीतून एकदम गळाल्या.

"तेव्हां मतदानाच्या आधीं एक पुढारी आला," यमुनाबाई म्हणाल्या. "मोठा मनुष्य. मी कॉफी घेऊन दारामागें उभी होतें. त्याने ह्यांना विचारलें, घरांत मतें किती? हे म्हणाले, ओण्णु."

"खरें तेंच सांगितलें," सेतुमाधवराव पुटपुटले. "यादींत एकच होतें."

"खरें होतें म्हणूनच लागलें. खोटें असतें तर भांडलें असतें. घरांत माणसें दोन, आणि हिशेबांत एक. मी तेथें असून नाहीं. कॉफी निवून गेली, तरी माझा पाय पुढें होईना."

नवऱ्यानं आयुष्यभर लोकांच्या खरेदीखतांवर नावं तपासली होती, बापाचं नाव, आजाचं नाव, चतुःसीमा. आणि बायकोचं नाव एका साध्या यादीत नव्हतं. हे मी त्यांना तोंडावर बोलून दाखवलं. पाहुणी म्हणून गप्प बसायला हवं होतं, पण माझा स्वभाव तसा नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या निवडणुकीला यमुनाबाईंनी निश्चय केला, नाव सांगायचंच. पण कारकून आला त्या दिवशी त्या देवळात गेल्या होत्या आणि घरात त्यांचे तिरुवैयारूचे भाऊ आलेले होते. भावानं मोठ्या हौसेनं बहिणीचं नाव सांगितलं, अंबू. माहेरचं. लग्नात आपल्याकडं मुलीचं नाव बदलतात, तांदळात नवं नाव लिहितात. त्या गोष्टीला तेव्हा पंचेचाळीसेक वर्षं झाली होती, पण भावाला बहीण अंबूच. मतदानाच्या दिवशी खोलीत गेल्यावर साहेबानं विचारलं, नाव काय? बाईंनी पाठ करून ठेवलेलं धीटपणे सांगितलं, यमुनाबाई. यादीत यमुनाबाई कुणी नव्हतीच. एका माणसाची लग्नात दोन नावं होतात हे त्या तमिळ साहेबाला काही केल्या पटेना. पेट्या तिथं मांडलेल्या दिसत होत्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी, वर त्याचं चित्र. कुणी कुणी तर पेटीला फूल वाहून नमस्कार करत होतं. यमुनाबाई ते बघून परत आल्या.

"पहिल्यांदां नांव नाहीं, दुसऱ्यांदां नांवें दोन," त्या म्हणाल्या. "आतां ह्या खेपेला बरोबर आहे. मी स्वतः उभी राहून लिहवून घेतलें."

"उद्या मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं.

"या. हे नकोत. मी माझी जाईन."

सेतुमाधवराव सकाळी सातलाच जाऊन मत देऊन आले आणि शाई लागलेलं बोट घेऊन ओट्यावर बसले. नऊच्या सुमाराला आम्ही दोघी निघालो. यमुनाबाईंनी पिवळं कांजीवरम नेसलं होतं, तिकडच्या मराठी बायका नेसतात तसं नऊवारी. त्यांना एका डोळ्यानं कमी दिसतं म्हणून मी कोपराला धरलं होतं. केंद्र राजवाड्याजवळच्या एका शाळेत होतं. पोलिसानं मला हटकलं. यमुनाबाईंनी त्याला तमिळमध्ये काहीतरी सांगितलं, तेव्हा त्यानं "पाट्टी (आजी), सावकाश" म्हणत आम्हाला बायकांच्या रांगेत सोडलं, फक्त मी उंबऱ्याच्या आत जायचं नाही या बोलीवर.

रांग मोठी होती. आमच्या मागं सरकारी दवाखान्यातली एक नर्स उभी होती. तिला इंग्रजी चांगलं यायचं, म्हणून पुढं जे घडलं ते मला समजलं. यंदा पेट्यांची भानगड नव्हती, एकाच कागदावर सगळ्यांची चित्रं आणि त्यावर शिक्का मारायचा, हेही तिनंच सांगितलं. यमुनाबाईंनी शिक्का कसा धरायचा हे हवेत दोनदा करून पाहिलं.

दारापाशी आमचा नंबर आला. दाराच्या आतल्या बाजूला टेबल, टेबलामागं यादी घेऊन एक तरुण शिक्षक. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर इंग्रजीत आडनावाच्या जागी राव लिहिलेलं मला दिसलं. त्याच्या मागं केंद्राचे मुख्य अधिकारी, भस्माचे तीन पट्टे लावलेले. बाजूच्या बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी. यमुनाबाईंनी चिठ्ठी दिली आणि न विचारताच, खणखणीत, नाव सांगितलं. तरुणानं यादीवर बोट फिरवलं आणि बोट मधेच थबकलं.

त्या पानावर यमुनाबाई दोन होत्या.

बाकावरचा एक किडकिडीत प्रतिनिधी लगेच उठला. दुसरी यमुनाबाई मागच्या गल्लीतली आहे, ती लेकीकडं कुंभकोणमला गेली आहे, ही बाई तिच्या नावावर मत द्यायला आली नसेल कशावरून, असं त्याचं म्हणणं. अधिकारी चिडके नव्हते, पण नेमाचे होते. त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली. यमुनाबाई आत पाऊल टाकणार, तेवढ्यात त्यांनी पुढं येऊन दाराच्या चौकटीवर हात आडवा धरला.

"अम्मा, यादीत नवऱ्याचं नाव आहे. नवऱ्याचं नाव सांगा आणि आत या."

नर्सनं हे मला इंग्रजीत सांगितलं. स्वतःचं नाव सांगायला ही बाई दहा वर्षांत शिकली होती. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. घरात हे, ते, अहो. माझ्या ओठावर नाव आलं होतं. यमुनाबाईंनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली.

"तूं सांगूं नको." पहिल्यांदाच त्या मला तूं म्हणाल्या.

"मग लिहून द्या," अधिकारी म्हणाले. यमुनाबाईंना सहीपुरतंच लिहिता यायचं. "मग नवऱ्याला बोलावून आणा. घर जवळच असेल," ते म्हणाले.

घर जवळच होतं. मी म्हटलं, "काकू, मी धावत जाऊन त्यांना घेऊन येते. दहा मिनिटं."

"नको. ते आले, त्यांनी सांगितलें, आणि मग मी आंत गेलें, तर तें मत त्यांचेंच जाहलें. पुन्हां ओण्णु."

मागं रांग कुरकुरायला लागली होती. ऊन चढत होतं. प्रतिनिधी घड्याळ बघत म्हणत होता की बाजूला करा, लोकांचा खोळंबा होतोय. मला त्याचा असा राग आला की तो माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता. यमुनाबाई मात्र त्याच्याकडं बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या चौकटीवर आडव्या धरलेल्या त्या हाताकडं. बराच वेळ बघत राहिल्या. आणि मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"अग," त्या मला हळूच म्हणाल्या, "ह्याने दार अडवलें कीं."

मला क्षणभर उमगलं नाही. त्यांनी पदर सारखा केला, दोन्ही खांद्यांवरून घेतला, उजवा हात चौकटीवर टेकला, आणि उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून, मान थोडी खाली घालून, साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"कावेरीच्या कांठावरी पिकला पिवळा भात,
सेतुमाधवरावांचें नांव घेतें, चिठ्ठी द्या हातांत."

रांगेतली कुरकुर थांबली. अर्थ कुणाला कळला नसेल, पण नवी नवरी दारात उभी राहून जसं काही म्हणते तसं काहीतरी एका साठीच्या बाईनं म्हटलं आहे, हे प्रत्येकीला कळलं असावं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. आमच्याकडं नणंद दार अडवते आणि नाव घेतल्याशिवाय नव्या सुनेला आत सोडत नाही. एरवी जे नाव घ्यायचं नाही, ते दार अडवलं की घ्यायचंच असतं. त्यात रीत मोडत नाही, पुरी होते. तंजावरच्या त्या अधिकाऱ्यानं नेमावर बोट ठेवून, नकळत, नणंदेचं काम केलं होतं.

अधिकाऱ्यांनी यादीवाल्या तरुणाकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. तो उठून उभा राहिला आणि तमिळमध्ये म्हणाला, "सर, सांगितलं त्यांनी. सेतुमाधव राव. यादीत दोघींपैकी एकीच्या पुढं तेच आहे."

"हे तर गाणं झालं," प्रतिनिधी म्हणाला. "विचारलं त्याचं उत्तर नाही."

अधिकाऱ्यांनी त्याच्याकडं वळून जे उत्तर दिलं, ते नर्सनं मला हसत हसत सांगितलं. त्यांच्या वडिलांचं नाव चंद्रशेखर. आई नाव घ्यायची नाही, विचारलं की आकाशातल्या चंद्राकडं बोट दाखवायची. खानेसुमारीवाला एकदा भर दुपारी आला, तर त्याला संध्याकाळी पुन्हा यायला लावलं. "या आजींनी निदान थांबायला तरी लावलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी हात काढून घेतला.

यमुनाबाई उंबरा ओलांडून आत गेल्या. उजवं पाऊल आधी टाकलं ते मी पाहिलं. त्या तरुणानं त्यांच्या बोटाला शाई लावली आणि लावता लावता, शब्द चाचपडत, पहिल्यांदाच मराठीत म्हणाला, "आजी... नांव... चांगलें घेतलें." घरात मराठी ऐकतच वाढलेला असणार, पण बोलायची त्याच्यावर वेळ आली नसावी. यमुनाबाई कागद घेऊन पडद्यामागं गेल्या. बाहेर आल्या, घडी पेटीत टाकली, पेटीला हात लावून नमस्कार केला. रांगेतल्या बायकांनी त्यांना वाट करून दिली. एकीनं तर केसांतलं फूल काढून त्यांच्या हातात दिलं.

परतताना त्यांनी शाईचं बोट ताठ, पदरापासून लांब धरलं होतं. पुसून जाईल म्हणून. कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

सेतुमाधवराव ओट्यावरून उठून रस्त्यातच उभे होते. उशीर झाला म्हणून त्यांचा जीव खालीवर होत असणार. यमुनाबाईंनी बोट दाखवलं. त्यांनी आपलं दाखवलं.

"नांव विचारलें कीं?"

"विचारलें."

"तुझें?"

"तुमचेंही."

म्हातारा गोरामोरा झाला. "आणि?"

"घेतलें. सगळ्या रांगेने ऐकलें."

सत्तरीचा माणूस लाजताना मी प्रथमच पाहिला. चष्मा शोधतो म्हणून ते आत गेले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. यमुनाबाई मला म्हणाल्या, "एक्कावन्न वर्षांपूर्वीं घेतलें होतें. तेव्हां ह्यांनी ऐकलेंच नव्हतें, वाजंत्री वाजत होती."

संध्याकाळी कालचेच लोक, कुणाची मतं राहिली ते बघत, पुन्हा गल्लीत आले. या वेळी त्यांनी विचारायच्या आत सेतुमाधवराव ओट्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि समोरच्या घरालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "रेंडु. रेंडुही झाली." दोन बोटं वर केली आणि ते लोक वळणावर दिसेनासे होईपर्यंत खाली घेतली नाहीत.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी मला तिरुवैयारूला नेलं. कावेरीत स्नान आणि देवदर्शन हे सांगायला झालं, खरं कारण भावाला बोट दाखवायचं होतं. नदीत पाणी बेताचं, वाळू मऊ. स्नान करताना त्या ते एक बोट पाण्याबाहेर धरून होत्या. मी म्हटलं, काकू, ही शाई धुऊन जात नाही, सरकारी आहे. तरी त्यांनी बोट बुडवलं नाही. भाऊ गायन शिकवत बसले होते. शिष्यांसमोरच बहिणीनं बोट नाचवलं आणि म्हणाली, "अंबू नव्हे, यमुनाबाई." भावानं कपाळाला हात लावला आणि सगळे शिष्य, काही न कळता, हसले.

मी निघाले तेव्हा दोघं स्टेशनवर आले. डब्यात पिट्लै होतं. यमुनाबाईंनी खिडकीतून माझा हात हातात घेतला, गोंजारला, आणि सहज म्हणून माझ्या डाव्या हाताचं बोट पाहिलं.

"तुमच्याकडें मत अजून व्हायचें आहे कीं?"

मी म्हटलं, "झालं. मी इकडं आले होते."

माझं ते कोरं बोट त्यांनी आपल्या पदरानं पुसलं, काही लागलेलं नसताना, आणि हात सोडला. गाडी हलली. परतीचे दोन दिवस मी तो हात शालीखाली ठेवून प्रवास केला. शाळेत हेडबाईंनी विचारलं, कसं काय तंजावर? मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि टेबलावर ठेवलेल्या त्यांच्या बोटावर फिकट झालेली शाई होती. माझ्या एकटीच्या मतावाचून कुणाचं अडलंय, असं मी या खोलीत म्हटलं होतं. माझंच अडलं होतं.

नंतरची पाच वर्षं नकाशावर छडी तंजावरला टेकली की मी मुलींना राजांच्या आधी यमुनाबाई सांगत आले. चौथ्या निवडणुकीच्या तोंडावर सेतुमाधवरावांचं कार्ड आलं, जुन्या वळणाच्या बाळबोध अक्षरात. खुशाली, पाऊसपाणी, आणि खाली यमुनाबाईंनी सांगून लिहवलेली एक ओळ: "आमचे घरीं मतें दोन. तुमचें?"

मतदानाच्या दिवशी आमच्याच शाळेत, माझ्याच वर्गाच्या दारात, मी रांगेत पहिली होते. टेबलामागच्या कारकुनानं यादीवरची नजर न काढता विचारलं, "नाव?"

"शकुंतला दामोदर निगवेकर," मी म्हटलं.

तो दचकून वर बघत म्हणाला, "बाई, हळू. मला ऐकू येतंय."

"तुला येतं रे," मी म्हटलं. "तंजावरलाही ऐकू जायला पाहिजे."